पास्ट म्हणजे मागे

इंग्रजांना साधा रस्ता सांगता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. सपाट रस्त्याला ते ‘डाउन द रोड’ म्हणतात. रस्त्याला ना चढ ना उतार, तरी माणसाला खाली पाठवतात. आमचं एक ‘समोर’ असतं आणि तेवढ्यावर सगळं भागतं. त्यांचे दोन. रांगेत माझ्यासमोर एखादी बाई उभी असली तर ‘इन फ्रंट ऑफ’, आणि तीच बाई रस्ता ओलांडून पलीकडे माझ्याकडे तोंड करून उभी राहिली की ‘अपोझिट’. बाई तीच, मीही तीच, आणि शब्द बदलला म्हणून माझे मार्क कापले.

हे सगळं मी साठी उलटल्यावर शिकले, जामबागेत, गौरी मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये. हौस म्हणून नाही. माझी मुलगी राणी मँचेस्टरला असते, तिच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. तेव्हा ती आणि तिचा नवरा रितेश, दोघंच होती तिथं. मी इथं काचीगुड्याच्या फ्लॅटमध्ये फोन कानाला लावून बसले होते आणि ती तिकडं नुसती श्वास घेत होती, बोलत नव्हती. आता पुन्हा दिवस राहिले. सातवा सरत आला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणातून हलू नकोस म्हणून सांगितलं. त्या दिवशी राणीनं फोन केला आणि एवढंच म्हणाली, ‘‘आई, तू ये.’’

पासपोर्ट होता. व्हिसा रितेशनं तिकडून खटपट करून मिळवून दिला. तिकीट तेवढं राहिलं होतं, आणि ते माझा मुलगा प्रशांत काढणार होता. काढणार होता, काढणार होता, आणि रोज काहीतरी निघायचं.

‘‘आई, डायरेक्ट फ्लाइट नाही. दोहाला उतरून दुसरं विमान पकडावं लागतं.’’

‘‘पकडीन.’’

‘‘अगं, ते एअरपोर्ट केवढं आहे माहितीये? तिथं कुणी सांगितलं, गो पास्ट द लाउंज, टेक द एस्केलेटर डाउन, तर तुला समजणार आहे का?’’

‘‘नाही समजलं तर विचारीन.’’

‘‘कुणाला? कोणत्या भाषेत? तू हरवशील, आणि मग मी काय करू?’’

आमचे हे, एकनाथराव, बँकेतून रिटायर झालेले, गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास करू शकत नाहीत. ते पेपरामागून म्हणाले, ‘‘त्याचं बरोबर आहे.’’ पेपर खाली करायचेही कष्ट घेतले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उदगीरहून लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं आणि इथली दखनी ऐकून हसू यायचं. तेव्हा भाजी आणायला, रेशनला, दवाखान्यात कोण जात होतं? तेव्हा मी हरवेन अशी काळजी कुणाला वाटली नाही.

पण मी भांडले नाही. सरळ गौरी मॅडमकडे नाव घातलं.

क्लास चांगला होता, खोटं कशाला बोलू. बहुतेक सगळी कॉलेजची पोरं, मुलाखतींसाठी आलेली. मी सगळ्यात पुढे बसायची. गौरी मॅडम मराठी, त्यामुळे अडलं की मराठीत सांगायच्या. आधी काळ शिकवले. प्रेझेंट म्हणजे आताचा, फ्यूचर म्हणजे पुढचा आणि पास्ट म्हणजे मागचा. हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे पुढे दिशा आल्या. नेक्स्ट टू, बिसाइड, बिट्वीन, लेफ्ट, राइट. कॉरिडॉर, कॉर्नर, एस्केलेटर. मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना पुटपुटायची. ओमकार, माझा नातू, मला हसायचा आणि मग स्वतःच परीक्षा घ्यायचा. ‘‘आजी, फ्रिज कुठंय?’’ ‘‘बिसाइड द डोअर.’’ ‘‘आजोबा कुठंयत?’’ ‘‘बिहाइंड द न्यूजपेपर.’’

एकच दिवस बुडला. सुनेची ऑफिसात मीटिंग होती, प्रशांतचा कॉल होता, आणि ओमकारला शाळेतून आणायला कुणी नव्हतं. म्हणजे मी होते. घरात कुणी नसतं तेव्हा मी असतेच. त्या दिवशी मॅडमनी रस्त्याचा धडा पुरा केला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोरं म्हणाली, ‘‘कुछ नहीं आंटी, आसानइच था.’’

मग प्रशांतनं ही परीक्षा काढली.

‘‘रविवारी बघू,’’ तो म्हणाला. ‘‘मी तुला तुझ्या क्लासच्या जवळच्या शाळेपाशी सोडतो. मी आणि बाबा गाडी घेऊन पुढे जाऊन थांबतो. व्हॉट्सॲपवर इंग्लिशमध्ये रस्ता पाठवतो. तू आमच्यापर्यंत पोचलीस की त्याच दिवशी तिकीट काढतो. नाही पोचलीस, तर पुन्हा विषय नको. आणि वाटेत कुणाला विचारायचं नाही.’’

‘‘का नाही विचारायचं?’’

‘‘इथं तू दखनीत विचारशील. दोहाला कोण आहे तुझं दखनी बोलणारं?’’

माझ्या पोटच्या पोरानं, ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, ज्याला उजवा बूट कुठला आणि डावा कुठला हे दुसरीत जाईपर्यंत कळत नव्हतं, त्यानं माझी अशी परीक्षा घ्यावी! हात शिवशिवत होते. पण मला राणीकडे जायचं होतं. ‘‘घे,’’ म्हटलं.

रविवारी सकाळी त्यानं मला शाळेच्या फाटकापाशी सोडलं. हे पुढच्या सीटवर बसले होते. उतरताना मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी नजर चुकवली. तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटतंय.

गाडी गेली. मोबाइल वाजला. ‘स्टँड विथ युवर बॅक टू द गेट.’ बॅक म्हणजे परत, हे मला ठाऊक होतं, पण गेटकडे परत जा म्हणावं तर मी गेटपाशीच होते. मग ध्यानात आलं, बॅक म्हणजे पाठही. फाटकाकडे पाठ करून उभी राहिले. अशी उभी राहिले जसं काही कुणी माझा फोटोच काढणार आहे.

दुसरा मेसेज. ‘टेक द सेकंड लेफ्ट.’ हे सोपं. पहिली गल्ली सोडली, दुसऱ्या गल्लीत डावीकडे वळले. मला एवढा आनंद झाला की एकटीच हसले.

तिसरा मेसेज. ‘गो पास्ट द टेंपल. वी आर ऑन युवर राइट, अपोझिट द टेलर.’

देऊळ समोरच दिसत होतं. छोटंसं मारुतीचं, बाहेर नारळवाला. राइट म्हणजे उजवीकडे. अपोझिट म्हणजे टेलरच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, हे तर मी मार्क कापून घेऊन शिकलेली. आणि पास्ट म्हणजे मागचा. पास्ट टेन्स, मागचा काळ. गो पास्ट द टेंपल, देवळाच्या मागे जा. त्यात काय अवघड?

मी देवळाच्या मागे गेले.

मागे एक बोळ होता. बोळात नाली, नालीच्या कडेला बांधलेल्या दोन म्हशी, आणि पुढे भिंत. टेलर नाही. उजवीकडे भिंत, डावीकडे म्हशी. मी पुन्हा मेसेज वाचला. पुन्हा देवळाला वळसा घालून आले. पुन्हा तोच बोळ. म्हशी माझ्याकडे पाहत होत्या, ही बाई परत का आली म्हणून.

एका दारातून एक बाई डोकावली. ‘‘क्या होना अम्मा? किसका घर ढूंढरे?’’

प्रश्न अगदी जिभेवर आला होता. टेलर किधर है, एवढंच विचारायचं होतं. पण कुणाला विचारायचं नाही, असं ठरलं होतं, आणि मी शब्दाची पक्की आहे. ‘‘कुछ नक्को, बहन,’’ म्हटलं.

‘‘नक्को तो नक्को,’’ ती म्हणाली आणि आत गेली.

मोबाइल वाजला. प्रशांत. मी उचलला नाही. उचलला असता तर तो म्हणाला असता, बघ, मी म्हटलं नव्हतं का. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा जास्त राग येत होता. एका शब्दावर माझं जाणं अडलं होतं. तिकडं माझी पोर उताणी पडून छताकडे बघत असेल, आणि मी इथं म्हशींच्या शेजारी, बिसाइड द बफेलो.

तेव्हा मनात आलं, वाटेतल्या माणसांना विचारायचं नाही. राणी कुठं वाटेत आहे? राणीला तर दोहाहूनही फोन करता येईल. मी तिला फोन लावला. तिकडं नुकतं उजाडलं असणार, पण ती जागीच असते आताशा.

‘‘आई? काय झालं? बरी आहेस ना?’’

‘‘मी बरी आहे. तू कशी आहेस?’’

‘‘आहे. पडून.’’

‘‘बाळ?’’

‘‘लाथा मारतंय. बोल ना.’’

‘‘राणी, गो पास्ट द टेंपल म्हणजे देवळाच्या मागेच ना गं?’’

ती हसली. किती दिवसांनी हसली. ‘‘नाही गं आई, पुढे. देवळावरून पुढे निघून जायचं. देऊळ मागे टाकायचं.’’

‘‘अगं पण पास्ट म्हणजे मागचा!’’

‘‘काळाचा मागचा. रस्त्याचा पुढे.’’

‘‘हे काय माणसांचं बोलणं झालं?’’ मी ओरडले. एक म्हैस दचकली. ‘‘जे मागे तेच पुढे? यांना लाज कशी वाटत नाही?’’

‘‘पण तू हे कशाला शिकतेयस?’’ राणी म्हणाली.

‘‘कशाला म्हणजे? तिकिटाला. आज पोचले की प्रशांत तिकीट काढणार आहे.’’

मला वाटलं फोन कटला. मग ती हळूच म्हणाली, ‘‘कुठलं तिकीट, आई?’’

‘‘तुझ्याकडे यायचं.’’

‘‘आई, तू तर नाही म्हणालीस ना? दादा म्हणाला, आई घाबरलीय, तिला जमणार नाही म्हणते, तिला आता आग्रह करू नको, तिला वाईट वाटतं. म्हणून मी तुला काही बोललेच नाही. सासूबाईंना बोलावलं. त्यांचं तिकीट मागच्या आठवड्यातच झालं. बुधवारी येताहेत.’’

मी भिंतीला टेकले. भिंत तापलेली होती.

राणीच्या सासूबाई वाईट नाहीत. पुण्याला हेडमास्तरीण होत्या, इंग्रजी फाडफाड बोलतात, दोहाच्या विमानतळावर त्या दुसऱ्यांना रस्ता सांगतील. पण त्यांच्यापुढे राणीला रडता येत नाही. पहिलं बाळ गेलं त्यानंतर त्या महिनाभर राहून आल्या होत्या, आणि राणी मला बाथरूममधून फोन करायची, नळ सोडून.

‘‘मी नाही म्हटलं नव्हतं,’’ मी म्हणाले. ‘‘राणी, ऐकतेस का? मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.’’

ती रडायला लागली. जोरात, नळ न सोडता. मी रडू दिलं. मग म्हटलं, ‘‘सासूबाईंना येऊ दे. दोघी राहू. त्या इंग्रजी बोलतील, मी तुझ्यापाशी बसेन.’’

‘‘मी काढते तिकीट. आई, आत्ता काढते. येशील ना नक्की?’’

‘‘काढ,’’ म्हटलं. ‘‘आणि हे टेलरच्या अपोझिट म्हणजे टेलरच्या समोरच ना? का तेही मागे?’’

‘‘समोर,’’ ती नाक ओढत म्हणाली. ‘‘समोर, आई.’’

मी बोळातून बाहेर आले. देवळावरून पुढे गेले. देऊळ मागे टाकलं. पुढे खरंच उजव्या हाताला गाडी उभी होती, टेलरच्या समोर. प्रशांत बाहेर बॉनेटला टेकून मोबाइल बघत होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. उतरला! आई पोचली म्हणून पोराचा चेहरा उतरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

‘‘किती वेळ, आई! फोन का उचलत नाहीस? कुणाला विचारलंस ना?’’

‘‘राणीला.’’

‘‘मग हे काउंट होत नाही. ठरलं होतं, कुणाला विचारायचं नाही. पास्ट म्हणजे काय ते तुला समजलंच नाही ना? मी म्हटलंच होतं, तू मागे जाशील.’’

म्हणजे शब्द त्यानं मुद्दाम निवडला होता. घरात ओमकारला मी ‘पास्ट म्हणजे मागचा’ असं घोकून दाखवताना त्यानं ऐकलं होतं.

‘‘पास्ट म्हणजे काय रे?’’ मी विचारलं.

‘‘पुढे. सिंपल आहे.’’

‘‘नाही. मागे. माझंच बरोबर होतं. तू सगळं माझ्या मागे ठरवलंस. माझ्या मागे राणीला सांगितलंस की मी घाबरले. माझ्या मागे तिच्या सासूचं तिकीट झालं. आणि मग मला इथं उन्हात म्हशींत फिरवलंस, म्हणजे मला वाटावं की मीच नापास झाले.’’

टेलरनं मशीन थांबवलं. प्रशांतनं इकडेतिकडे पाहिलं. ‘‘आई, हळू बोल. लोक बघतायत.’’

‘‘बघू देत. त्यांनाही कळू दे.’’

‘‘अगं, तुला काही झालं असतं तर? मी तुझ्या काळजीनंच...’’

गाडीची काच खाली आली. एकनाथराव म्हणाले, ‘‘सुशीला, त्याचाही विचार कर. तीन महिने. इथलं कोण बघणार होतं?’’

हे ऐकलं आणि माझा राग एकदम थंड झाला. म्हणजे गेला नाही. लोखंड थंड होतं तसा घट्ट झाला. एवढ्या दिवसांच्या काळजीत, दोहात, एस्केलेटरमध्ये, शेवटी हे निघालं. इथलं कोण बघणार. ओमकारला शाळेतून कोण आणणार, कुकर कोण लावणार, गुडघ्यांना तेल कोण लावणार. माझ्या हरवण्याची भीती कुणाला नव्हती. मी सापडेनाशी होईन, याची होती.

‘‘तुम्हाला ठाऊक होतं,’’ मी यांना म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

ते खिडकीच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

‘‘हे बघ,’’ प्रशांत म्हणाला, ‘‘ठीक आहे, चुकलं. घरी जाऊन बोलू. पण आई, रिअली सांग, दोहाला अडलीस तर काय करशील?’’

‘‘आत्ता केलं तेच. पोरीला फोन लावीन. तिनं सांगितलं म्हणूनच पोचले ना तुझ्यापर्यंत? तू सांगितलंस तेव्हा भिंतीला जाऊन धडकले होते.’’

मोबाइल टुणकन वाजला. राणीनं तिकीट पाठवलं होतं. इंग्रजीत होतं, पण माझं नाव मला वाचता येतं. मी स्क्रीन त्याच्या नाकासमोर धरली. इन फ्रंट ऑफ हिज नोज.

तो वाचत राहिला. मग त्यानं मागचं दार उघडलं. ‘‘बस. ऊन आहे.’’

मी बसले नाही. मला डिंक घ्यायचा होता, खारीक, खोबरं, मेथ्या. बाळंतिणीचे लाडू करायचे तर डिंक अफझलगंजचाच घ्यावा, आणि अफझलगंज तिथून चालत जाण्याजोगं आहे. पदर खोचला आणि गाडीवरून पुढे निघाले. गाडी मागे टाकली. पास्ट.

‘‘आई! कुठं चाललीस?’’

मी थांबले नाही.

‘‘आई, अगं चारला ओमकारचा कराटे क्लास आहे!’’

हो, होता. दर रविवारी असतो. दोन वर्षं मीच नेते.

‘‘तो क्लास आहे कुठं, ते तरी सांगून जा!’’

तेव्हा मात्र मी वळले. बाप-लेक दोघंही माझ्याकडे बघत होते, एक खिडकीतून, एक दारापाशी.

‘‘गो पास्ट द पोस्ट ऑफिस,’’ मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. ‘‘टेक द सेकंड लेफ्ट. अपोझिट द फ्लोअर मिल.’’

टेलर हसला.

‘‘आणि वाटेत कुणाला विचारायचं नाही,’’ म्हटलं, आणि चालू लागले.